सोळाव्या दिवसाची गोळी : आरोग्य विमा आणि शरीराचे वय

वणीत एकाच साली जन्मलेली दोन माणसे शेजारी उभी केली, तर ती एका वयाची वाटतीलच असे नाही. एक कोळसा खाणीत कायम नोकरी करून निवृत्तीला आलेला. दुसरा जन्मभर रोजंदारीवर, कधी कापसाच्या वावरात तर कधी राजूरच्या चुनाभट्टीवर राबलेला. आधार कार्डावर दोघेही साठीला टेकलेले. पण पहिल्याला लोक ‘काका’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘आजोबा’. असे का, विचारले तर उत्तर तयार असते: ऊन, काम, खाणेपिणे, व्यसन, नशीब. यातले नशीब सोडले तर बाकी सगळे खरेच आहे.

गेली काही वर्षे मी या यादीत आणखी एका गोष्टीची जागा शोधतो आहे. घरात मोठे आजारपण आले तर पैसा कुठून येणार, याचे उत्तर काहींकडे असते आणि काहींकडे नसते. या दोघांची शरीरे वेगवेगळ्या वेगाने म्हातारी होतात का? आरोग्य विम्याचा आणि म्हातारपणाचा असा काही संबंध आहे का?

मी डॉक्टर नाही. एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेब लिहिण्यात उमेद गेली. संशोधनाचे कागद वाचण्याची गोडी चाळिशीनंतर लागली, शब्दकोश शेजारी ठेवून. त्यामुळे हा विषय मला जसा उलगडत गेला, तसाच टप्प्याटप्प्याने मांडतो.

कागदावरचे वय, अंगातले वय

ट्रॅक्टर विकत घेताना आपण दोन गोष्टी पाहतो. तो कोणत्या सालचा, हे कागद सांगतात. तो किती तास चालला, हे मीटर सांगते. शहाणा शेतकरी मीटरवर जास्त विश्वास ठेवतो. माणसाच्या शरीरालाही असे मीटर आहे का, हा जीवशास्त्रातला गेल्या दोन-तीन दशकांतला मोठा प्रश्न आहे.

पहिले उत्तर मिळाले ते टेलोमिअरचे. पेशीतल्या गुणसूत्राच्या टोकाला एक संरक्षक भाग असतो. दोर उसवू नये म्हणून आपण टोकाला गाठ मारतो, तसा. पेशीचे विभाजन होताना ही गाठ हळूहळू झिजते. टेलोमिअर गुणसूत्राचे रक्षण कसे करतात, हे उलगडल्याबद्दल एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर आणि जॅक झोस्टॅक यांना २००९ चे नोबेल मिळाले.

दुसरे उत्तर अधिक बारकाईचे. आपल्या डीएनएवर ठिकठिकाणी मिथाइल नावाच्या रेणूंच्या खुणा असतात. कोणते जनुक चालू राहील आणि कोणते बंद, हे ठरवण्यात त्यांचा वाटा असतो. वयानुसार या खुणा बऱ्याच ठरावीक पद्धतीने बदलतात. २०१३ मध्ये स्टीव्ह हॉर्व्हाथ यांनी अशा ३५३ जागा तपासून माणसाचे वय सांगणारे ‘घड्याळ’ तयार केले. पुढे २०१८ मध्ये मॉर्गन लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा रस्ता घेतला. रक्ताच्या नऊ साध्या तपासण्या आणि कागदावरचे वय, एवढ्यावरून त्यांनी शरीराचे वय काढले. अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, साखर, शरीरातली सूज दाखवणारे सीआरपी, पांढऱ्या पेशींची संख्या आणि आणखी चार. यातल्या बऱ्याच तपासण्या वणीतल्या साध्या लॅबमध्येही होतात.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांचा अभ्यास त्यांच्या जन्मापासून आजवर चालू आहे. ही मंडळी ३८ वर्षांची झाली तेव्हा त्यांच्या शरीराचे वय मोजले गेले. सगळे कागदावर ३८. पण कुणाचे शरीर तिशीच्या आतले निघाले, तर कुणाचे साठीला पोचलेले. चेहऱ्यावरून इतरांना जे अधिक वयाचे वाटत होते, तेच बहुधा आतूनही अधिक म्हातारे होत होते. म्हणजे ‘काका’ आणि ‘आजोबा’ म्हणणारी आपली नजर अगदीच चुकीची नसते.

इथे एक सावधगिरी. ही मीटरे मोठ्या समूहांची तुलना करायला चांगली आहेत. एकट्या माणसाचे भविष्य सांगायला नाहीत. ‘तुमचे खरे वय ओळखा’ म्हणून महागड्या चाचण्या विकल्या जातात, त्यांच्या मागे लागण्याचे काही कारण नाही.

काळजी अंगात कशी उतरते

आता पैशाकडे येऊ. २००४ मध्ये एलिसा एपेल आणि ब्लॅकबर्न यांनी ५८ मातांचा अभ्यास केला. त्यातल्या अनेकींची मुले दीर्घ आजारी होती. ज्यांनी आपला ताण सर्वांत जास्त नोंदवला, त्यांचे टेलोमिअर कमी ताणाच्या मातांपेक्षा इतके आखूड होते की तो फरक निदान दहा वर्षांच्या वयाएवढा भरत होता. अभ्यास छोटा होता, पण त्याने दिशा दाखवली.

यामागचे शास्त्र ब्रूस मॅक्यूअन यांनी १९९० च्या दशकात मांडले. संकट आले की शरीर कॉर्टिसोल, अॅड्रेनलिनसारखी संप्रेरके सोडते, रक्तदाब वाढतो, साखर रक्तात उतरते. संकट टळले की सगळे जागेवर येते. ही व्यवस्था वाघ दिसला तर पळण्यासाठी उत्तम आहे. पण संकट टळतच नसेल, तर तीच व्यवस्था शरीराला झिजवते. सावकाराचे व्याज, पुढच्या महिन्याचा दवाखाना, मुलीचे शिक्षण ही संकटे पळून टळत नाहीत. इंजिन उभ्या जागी रात्रभर चालू ठेवावे तसे होते. मीटर फिरत राहते, वावर मात्र नांगरले जात नाही.

पैशाच्या ओढीचा परिणाम मोजणारा एक अभ्यास आपल्या शेतकऱ्यांना लगेच पटेल. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांची बुद्धीची चाचणी संशोधकांनी दोनदा घेतली: एकदा ऊस तोडणीआधी, हात रिकामे असताना, आणि एकदा तोडणीनंतर, पैसा आल्यावर. तीच माणसे, पण आधीच्या चाचणीत त्यांचे गुण कमी पडले. हा अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. आमच्याकडे ही ओढ आषाढ-श्रावणात असते. बियाणे, खत, निंदण, फवारणी यांत हातचे सगळे गेलेले आणि कापूस यायला अजून दिवाळी उजाडायची. घरातल्या कुणाची गोळी बंद झाली तर ती बहुधा याच दोन महिन्यांत होते, हे मी वर्षानुवर्षे पाहतो आहे.

म्हणजे पैशाची चणचण शरीरापर्यंत दोन वाटांनी पोचते. एक काळजीची वाट, जी आत्ताच सांगितली. दुसरी टाळलेल्या उपचाराची. रक्तदाब वाढलेला असतो, पण दुखत नाही. म्हणून तपासणी नाही, गोळी नाही. पंधरा-वीस वर्षांत रक्तवाहिन्या कडक होतात, मूत्रपिंडाची चाळण बिघडते, क्रिएटिनिन वाढते. साखरेचेही तसेच. वरच्या नऊ तपासण्यांत क्रिएटिनिन आणि साखर दोन्ही आहेत. त्यामुळे न घेतलेली गोळी शरीराच्या मीटरवर थेट उमटते.

विम्याने फरक पडतो का?

तर्काने संबंध दिसतो. पण तो सिद्ध कसा करायचा? खाणीतल्या कायम कामगाराच्या कुटुंबाला कंपनीचा दवाखाना आणि औषधे असतात, ठेकेदाराच्या माणसाच्या घरच्यांना तशी खात्री नसते. पण दोघांत तेवढाच फरक नाही. पहिल्याला पगार आहे, क्वार्टर आहे, रजा आहे, पोरांना शाळा आहे. त्याचे शरीर तरुण राहिले ते विम्याने की पगाराने? नुसती तुलना करून हे कळत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून विमा वाटावा लागतो.

असे खरोखर घडले आहे. अमेरिकेत १९७४ पासून रँड संस्थेने दोन हजारांहून अधिक कुटुंबांना चिठ्ठीने वेगवेगळ्या विमा योजना दिल्या. कुणाला सगळे फुकट, कुणाला बहुतेक खर्च स्वतःचा. सरासरी माणसाच्या तब्येतीत फारसा फरक पडला नाही. पण जे गरीब होते आणि ज्यांचा रक्तदाब वाढलेला होता, त्यांचा रक्तदाब फुकट उपचाराने खाली आला. धोक्यातल्या लोकांत मृत्यूची शक्यता सुमारे १० टक्क्यांनी कमी झाली. एक गोष्ट लक्षात ठेवा: या योजनेत बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधेही होती.

२००८ मध्ये ओरेगन राज्यात सरकारी विम्याच्या जागा कमी आणि मागणारे जास्त, म्हणून सोडत काढली. दोनेक वर्षांनी दोन्ही गट तपासले. विमा मिळालेल्यांत नैराश्य सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले आणि आजारपणाने घर बुडण्याचे प्रकार जवळजवळ संपले. मधुमेहाचे निदान आणि त्याची औषधे वाढली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, साखर यांत मात्र ठोस फरक दिसला नाही. म्हणजे काळजी आधी उतरली. शरीराचे आकडे दोन वर्षांत हलले नाहीत.

तिसरा प्रयोग नकळत झाला. अमेरिकेच्या आयकर खात्याने विमा नसल्याबद्दल दंड भरलेल्यांना ‘विमा घ्या’ अशी पत्रे पाठवायची ठरवली. पैसे पुरले नाहीत म्हणून काहींना चिठ्ठीने वगळले. ३९ लाख घरांना पत्रे गेली. पुढच्या दोन वर्षांत ४५ ते ६४ वयोगटात, पत्र गेलेल्या दर १,६४८ माणसांमागे एक मृत्यू कमी झाला. एका साध्या पत्राने! फायदा मध्यमवयीनांत दिसला, म्हणजे झीज जोरात चाललेली असते त्याच वयात.

शेजारच्या कर्नाटकातले दोन धडे

परदेशाचे आकडे आपल्याला कितपत लागू, असे कुणी विचारील. म्हणून कर्नाटकात जाऊ. तिथे वाजपेयी आरोग्यश्री योजना २०१० मध्ये आधी उत्तर भागात आली, दक्षिणेत नंतर. सीमेच्या अलीकडची आणि पलीकडची गावे सारखीच, फरक योजनेचा. २०१४ मध्ये ‘बीएमजे’त आलेल्या अभ्यासानुसार, योजनेत बसणाऱ्या हृदयविकार, कर्करोग यांसारख्या आजारांनी होणारे मृत्यू दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांत ६४ टक्क्यांनी कमी आढळले. याचे एक कारण असे की, रुग्णालयांना गावोगावी शिबिरे घेऊन रुग्ण शोधावे लागत होते. कार्ड माणसापर्यंत चालत आले.

दुसरा धडा उलटा आहे. त्याच राज्यात २०१५ नंतर १०,८७९ कुटुंबांत राष्ट्रीय स्वास्थ्य विम्याचा चिठ्ठीने प्रयोग झाला. हा विमा फक्त भरती होण्यापुरता होता. रुग्णालयाचा वापर वाढला, पण साडेतीन वर्षांनंतरही आरोग्याच्या बहुतेक मोजमापांत ठळक फरक दिसला नाही. अनेकांनी कार्ड वापरायचा प्रयत्न केला, पण ते वापरता आले नाही.

दोन्ही धडे एकत्र ठेवले की चित्र स्पष्ट होते. जीवघेण्या आजारात भरतीचा विमा जीव वाचवतो. पण शरीराची रोजची झीज भरतीच्या खाटेवर होत नाही, ती घरी होते. तिथपर्यंत न पोचणारा विमा मीटरचा वेग कमी करू शकत नाही.

आपल्या कार्डात काय आहे?

महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये उरलेल्या जिल्ह्यांत आली. यवतमाळ या दुसऱ्या टप्प्यात होते. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले. पिवळी-केशरी शिधापत्रिका असणारे तिच्यात होतेच. शिवाय यवतमाळसह चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतले पांढऱ्या शिधापत्रिकेचे शेतकरीही होते. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांची. २०२४ पासून राज्याच्या योजनेतही सर्व कुटुंबे आणि ५ लाख झाले. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला वेगळे कार्ड मिळते.

ही कमाई लहान नाही. देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. अँजिओप्लास्टी, कर्करोग, डायलिसिस यांसाठी आमच्या भागातली माणसे चंद्रपूर, नागपूर, सेवाग्राम गाठतात आणि वावर न विकता परत येतात. पंधरा वर्षांपूर्वी हे इतके सोपे नव्हते.

पण कार्डाचा अर्ज भरायला लोक माझ्याकडे येतात, तेव्हा हटकून एक प्रश्न विचारतात: ‘‘भाऊ, या कार्डावर बीपीची गोळी भेटते का?’’ नाही भेटत. ही दोन्ही कार्डे मुख्यतः भरतीच्या उपचारासाठी आहेत. आयुष्मान भारतमध्ये घरी सोडल्यानंतर १५ दिवसांपर्यंतची औषधे धरलेली आहेत. सोळाव्या दिवसापासून खर्च ज्याचा त्याचा. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला गोळी जन्मभर घ्यायची असते.

यातला विरोधाभास पाहा. रक्तदाबाच्या साध्या गोळीला दिवसाला चार-दोन रुपये लागतात. ती वीस वर्षे चुकली तर मूत्रपिंड जाते, आणि मग आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस. त्याचे हजारो रुपये योजना विनातक्रार भरते. शरीर तरुण ठेवायला पैसा नाही, म्हातारे झाल्यावर भरपूर. सत्तरीच्या कार्डाचेही तेच. देशाचे सरासरी आयुर्मानच सत्तरच्या आसपास आहे. ज्याचे मीटर वेगाने फिरले, तो त्या कार्डापर्यंत पोचेल याची खात्री काय?

गोळी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, हे खरे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. पण ती आणायला सकाळची बाह्यरुग्ण वेळ गाठावी लागते, म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. वेचणीच्या दिवसांत शंभर रुपयांची गोळी मोफत आणायला तीन-चारशेचा रोज कोण सोडेल? फुकट गोष्टीलाही किंमत असते, ती फक्त पावतीवर दिसत नाही.

सेवाग्रामची ज्वारी

यावर तोडगा काढायला अमेरिकेत जायची गरज नाही. वर्धा नदी ओलांडली की पलीकडच्या जिल्ह्यातच तो चाळीस वर्षांपूर्वी सापडला होता. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने, डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आसपासच्या खेड्यांत ‘ज्वारी विमा’ सुरू केला. हप्ता पैशात नव्हे, ज्वारीत. भूमिहीनाने कमी द्यायची, शेती असणाऱ्याने एकराच्या हिशेबाने जास्त.

या योजनेच्या रचनेत तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. हप्ता पीक निघाल्यावर, म्हणजे घरात धान्य असताना घ्यायचा. त्यामुळे रिकाम्या हाताच्या महिन्यांत कुणावर बोजा नाही. गावातली निदान ७५ टक्के घरे आली तरच गाव योजनेत. नाहीतर फक्त आजारी माणसेच नाव नोंदवतात आणि कोठी रिकामी होते. आणि तिसरी सर्वांत महत्त्वाची: संरक्षण खाटेपासून नव्हे, गावापासून सुरू होत असे. गावचा आरोग्यसेवक आणि प्राथमिक औषधे आधी, गरज पडली तर रुग्णालय. अचानक आलेल्या आजारात भरती मोफत. बाळंतपण, हर्निया अशा आधी माहीत असलेल्या कामासाठी खर्चाचा चौथा हिस्सा.

आज वऱ्हाडात ज्वारी कमी झाली, तिची जागा सोयाबीनने घेतली. पण विचार जुना झालेला नाही. २०१८ च्या सुमारास भारतीय रक्तदाब नियंत्रण उपक्रम महाराष्ट्रात चार जिल्ह्यांत सुरू झाला: भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा. त्याचे सूत्रही हेच: ठरावीक साधी औषधे, घराजवळ, खंड न पडता.

वणीपुरते बोलायचे तर

सरकारने कार्डात रोजची औषधे घालावीत, ही मागणी मोठी आहे आणि ती करत राहिली पाहिजे. ती मान्य होईपर्यंत बसून राहायचे कारण नाही. तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देता आल्या तर वर्षातले आठ खाडे वाचतात. दर महिन्याला ग्रामपंचायतीत आशाताईंसोबत रक्तदाब मोजला, आणि ज्याचे नाव मागच्या महिन्यात होते पण या महिन्यात नाही त्याच्या घरी जाऊन विचारले, तर सोळावा दिवस चुकत नाही. यासाठी यंत्र एक आणि वही एक लागते. जिनिंगमध्ये प्रत्येक गाठीची नोंद ठेवताना मला जे काम करावे लागे, त्याहून हे अवघड नाही.

विमा शरीराचे वय कमी करत नाही. ते कोणत्याच कागदाला जमत नाही. आजाराच्या खर्चाची भीती रात्रीची झोप खात नसेल आणि गोळी श्रावणातही चुकत नसेल, तर मीटर संथ फिरते, इतकेच. भरतीच्या कार्डाने पहिले काम बऱ्यापैकी केले आहे. दुसरे अजून बाकी आहे, आणि चाळिशी ते साठी या वीस वर्षांत ते झाले नाही, तर पुढे कितीही लाखांचे कार्ड दिले तरी गेलेली वर्षे परत येत नाहीत. तेव्हा या दिवाळीला घरी आलेल्या भावाबहिणींना फराळ देताना एवढे जरूर विचारा: बीपी शेवटचा कधी मोजला, आणि गोळी चालू आहे ना?